दाराआडचा चहा

"म्हणजे दार उघडायचंच नाही?" मंदाताईंनी पुन्हा विचारलं.

"नाही." उत्पलाने पुन्हा सांगितलं. "न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट नसेल, तर नाही. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती आहे ही. कुणाच्या घरात शिरायचं तर आधी न्यायाधीशाला कारण पटवून द्यावं लागतं."

"पण मी इथची कुठं आहो जी?"

"तिथे 'नागरिक' असं लिहिलेलं नाही, मंदाताई. 'लोक' असं लिहिलंय. तुम्ही लोकांत येता."

मंदाताईंनी मान हलवली, पण चेहऱ्यावरची काळजी काही हलली नाही.

न्यू जर्सीतल्या एका गल्लीतलं ते साधं घर. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती होती म्हणून लोक त्याला विहार म्हणत. भंडाऱ्याहून कुणाची तरी मुलं सांभाळायला आलेल्या मंदाताई ते काम सोडून इथे स्वयंपाकाला राहिल्या होत्या. व्हिसा केव्हाच संपला होता. कालच मागच्या गल्लीतून इमिग्रेशन खात्याच्या लोकांनी एका माणसाला अंगावरच्या कपड्यांनिशी नेलं होतं. तेव्हापासून रस्त्यावर गाडी थांबली, की त्यांच्या हातातलं लाटणं थांबायचं.

म्हणून तर वकील झालेली उत्पला सुट्टी टाकून आली होती. विहारातले भिक्खू, भंतेजी, खिडकीपाशी बसून ऐकत होते.

"चला, करून बघू. मी अधिकारी." उत्पलाने टेबलावर बोटं वाजवली. "टक टक."

"या ना जी, बसा…" मंदाताईंनी जीभ चावली.

"झालं! 'या' म्हटलंत, म्हणजे परवानगी दिलीत. मग कायदा तरी काय करणार?"

"काय करू, वकीलबाई? दारात माणूस उभा अन् त्याले येऊ नका म्हणू? आमच्या घरी चहा घेतल्याबिगर कोणी परत नाही गेलं."

"ती सवय मोडा. एवढं सोपं आहे."

भंतेजी उठले आणि स्वयंपाकघराकडे गेले.

"हे पाहा," उत्पला पुढे सांगू लागली, "हक्क कागदावर असून चालत नाही. तो ऐन वेळी…"

दार वाजलं.

"आले, आले!" उत्पला लगबगीने गेली, कडी काढली. "या ना…"

बाहेर भंतेजी उभे होते. खांद्यावर बर्फाची भुरभुर. ते मागच्या दाराने निघून पुढे आले होते.

मंदाताई पदराआड हसल्या.

"मला वाटलं, वंदनेला कुणी आलं," उत्पला म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कोण आहे, ते विचारलंस?"

"…नाही."

भंतेजींनी आत येऊन कडी लावली.

"मंदा, चहा झालाय?"

ते स्वतः दोन कप भरून घेऊन आले. अगदी काठोकाठ. एक उत्पलाच्या उजव्या हातात दिला, एक डाव्यात.

"धर."

"कशाला, भंतेजी? मला एकच पुरे."

"धर."

ती धरून उभी राहिली. कप पोळत होते, पण चटका बसलेली बोटं कानाला लावायला एकही हात मोकळा नव्हता.

बाहेर गाडी थांबली. दारं आपटली. एकापेक्षा जास्त बूट पायऱ्या चढत आले.

दार वाजलं. या वेळी जोरात.

मंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. उत्पलाचा पाय आपोआप पुढे गेला, उजवा हात कडीकडे वळला… आणि चहा मनगटावर सांडला.

ती थांबली.

"कोण आहे?" तिने इंग्रजीत विचारलं. आवाज चिरका निघाला. शिकवताना तो असा नव्हता.

बाहेरून इमिग्रेशन खात्याचं नाव आलं. "फक्त दोन मिनिटं बोलायचंय. दार उघडा."

"न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट असेल, तर दाराखालून सरकवा."

बाहेर कुणीतरी पायरीवर बूट आपटले.

"बाईसाहेब, बाहेर फार थंडी आहे हो." आवाज तरुण होता. दात वाजत होते.

मंदाताईंचे ओठ हलले. भंतेजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मंदाताईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबला.

"आत यायची परवानगी नाही," उत्पला म्हणाली.

दाराखालून काहीच आलं नाही. थंड वारा तेवढा आला.

मग बूट पायऱ्या उतरले. गाडीची दारं लागली. पण गाडी सुरू झाल्याचा आवाज काही येईना.

"गेले का जी?" मंदाताई कुजबुजल्या.

उत्पलाने दाराला कान लावला. उजव्या हातातला कप अर्धा झाला होता, डाव्या हातातला अजून काठोकाठ होता.

"भंतेजी… हा दुसरा कप कुणाचा?"

भंतेजींनी बंद दाराकडे पाहिलं.

"बाहेरच्यांचा," ते म्हणाले. "सांडू देऊ नकोस."