न आलेला चोर

“बारा वर्षांत घाटात एकही चोर आला नाही म्हणतोस? मग तो न आलेला चोर आठ दिवसांत माझ्यापुढं उभा कर!”

राजे उदाजीरावांनी घाटचौकीच्या राखणदाराला, हैबतीला, असं फर्मावलं. बारा वर्षं खांद्याला बंदूक लावून तो घाट राखत होता. मिठाच्या गोण्या लादलेले बैल बिनघोर जात-येत होते. पण दिवाणजींनी राजांचे कान भरले होते, “एकदाही न उडालेली बंदूक! तिचा धाक म्हणे! दिसतो कुठं तो धाक?” झालं! चोर आणला नाही तर बंदूक जमा, चौकी बंद, आणि हैबतीनं बिऱ्हाड उचलायचं!

“मेलो गं पोरी!” घरी येऊन हैबती म्हणाला. “जो आलाच नाही त्याला धरू कुठून?”

त्याची लेक धुरपा भाकरी थापत होती. “आबा, आधी दोन घास खा. चोर मी आणते.”

आठव्या दिवशी ती आबांना घेऊन राजवाड्यावर गेली. हातात दोन डहाळ्या, दोन्हींना मधाचं एकेक पोळं. एकावरच्या मधमाशा तिनं धूर देऊन उडवलेल्या, दुसरं माशांनी गच्च भरलेलं. देवडीवर दोन्ही टांगून ती पहारेकऱ्यांना म्हणाली, “सरकारांसाठी मध आणलाय. बोलावणं येईस्तोवर इथंच राहू दे हं!” आणि खुशाल विहिरीवर पाणी प्यायला गेली.

बोलावणं आलं तेव्हा एका डहाळीला नुसतं मेण लोंबत होतं! दुसरं पोळं मात्र जसंच्या तसं. दोन्ही डहाळ्या घेऊन बाई दरबारात हजर.

“काय गं, चोर कुठाय?” राजे गुरगुरले.

“आणलाय की! पण हा मध कुणी खाल्ला, ते आधी विचारा.”

देवडीवाल्यांनी हात पाठीमागं लपवले. कारकून बोटं धोतराला पुसू लागले. आणि दिवाणजी? अहो, त्यांच्या तर मिशीवर मधाचा थेंब चमकत होता!

“आम्ही आपला... जरा चाखून पाहिला,” दिवाणजी पुटपुटले.

“मग हे दुसरं का नाही चाखलंत?”

“वेडी की खुळी तू? माशा फोडून काढतील!”

“आज कुणाला चावल्या का?”

“हात लावला तर चावतील ना! लावतंय कोण?”

धुरपा राजांकडे वळली. “ऐकलंत, सरकार? सकाळपासून एक डंख नाही. आबांच्या बंदुकीचा बारा वर्षांत एक बार नाही. आबांना काढता, तर या आळशी माशांनाही बडतर्फ करा! आणि न आलेला चोर हवा होता ना? तुम्ही एक मागितलात, मी दरबारभर आणलेत. हे बघा, या पोळ्याकडे न आलेले!”

हैबतीनं डोळेच मिटून घेतले. आणि राजे हसले! इतके हसले, की पागोटं घसरून मांडीवर आलं.

“हैबती, बंदूक तुझी, चौकी तुझी! आणि चौकीखालचं भाताचं खाचर आजपासून धुरपाचं!”

“सरकारांची कृपा! पण हे माशांचं पोळं कुठं ठेवू?”

राजांनी दिवाणजींच्या मिशीकडे एकवार पाहिलं.

“खजिन्याच्या दाराला टांग!”