पाचशे पावलांवरचा वाघ

चिंचोरे संस्थानच्या राजेसाहेबांना लांब पल्ल्याची बंदूक हवी होती, तीही स्वस्तात. निम्म्या किमतीची बंदूक घेऊन एक ऐटबाज व्यापारी दरबारात आला. "हिने पाचशे पावलांवरून वाघ पाडलाय!" म्हणत त्याने पुराव्याला कातडंच पसरलं. राजेसाहेब भुलले.

म्हाताऱ्या लुमाजी शिकाऱ्याला मात्र ही स्वस्ताई पहिल्यापासूनच खटकत होती. त्याने कातड्यावरचं गोळीचं भोक निरखलं. भोवतीचे केस बंदुकीच्या जाळाने करपले होते.

"काय रे, पाचशे पावलं खोटी वाटतात?" व्यापारी गुरकावला.

"छे! खरीच आहेत," लुमाजी राजेसाहेबांकडे वळला. "तेवढी चालून हे पिंजऱ्यापाशी पोचले, सरकार, आणि मग बार काढला."