पळसाच्या माळावरची पंगत

डोंगराच्या पायथ्याशी एकदा एक जुना मठ होता. मठ लहान, पण त्याचा वैशाखातला भंडारा मोठा. आसपासच्या गावांतून माणसे येत, अंगणात पंगतीवर पंगती बसत, आणि भात-वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी खाऊन लोक तृप्त होऊन घरी जात. मठाचे महाराज फार वृद्ध झाले होते. कोठीच्या किल्ल्या मात्र अजून त्यांच्याच कमरेला असत, आणि ज्याच्याकडे कोठी त्याच्याकडे मठाचा कारभार, अशी तिथली रीत होती.

महाराजांचा एक शिष्य होता. तरुण, कामसू, थोडा अबोल. काही वर्षांपासून भंडाऱ्याची सगळी व्यवस्था तोच पाहत असे. यंदाचा भंडारा नीट पार पडला की महाराज किल्ल्या त्याच्या हाती देतील, असे सगळेच म्हणत. तो स्वतः कधी तसे बोलला नाही, पण रात्री अंथरुणावर पडले की त्याच्या कानात त्या किल्ल्या वाजत.

त्याने व्यवस्था हाती घेतली तेव्हा भंडाऱ्याची रीत वेगळी होती. जवळच्या गावांतली माणसे जेवायला येताना आपापले ताट घेऊन येत. लांबून आलेल्या पाहुण्यांना तेवढी पळसाच्या पानांची पत्रावळ मिळे. त्या पत्रावळी मठामागच्या वाडीतल्या बायका लावत. वाडीला लागूनच पळसाचा माळ होता.

शिष्याला ही रीत खटकत असे. कुणाचे ताट पितळी, कुणाचे पोचे पडलेले जर्मनचे. देवाच्या पंगतीत असा भेद कशाला? शिवाय वैशाखात मठाची विहीर तळ गाठते आणि ताटे धुवायला पाणी जाते. त्याच सुमारास शेजारच्या गावच्या जत्रेत थर्माकोलच्या ताटल्या वापरल्या गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस त्या ओढ्याच्या काठाने उडत होत्या. ते पाहून शिष्याने निश्चय केला की आपल्या भंडाऱ्यात लहानथोर सगळे पत्रावळीवरच जेवतील, आणि जेवणानंतर सगळी पाने खड्ड्यात पुरून त्यांचे खत होईल.

हेतू शुद्ध होता. तो वाडीत गेला आणि ठमाबाईला भेटला. ठमाबाई पत्रावळी लावणाऱ्या बायकांमधली सर्वांत वयस्कर. त्याने हवा असलेला आकडा सांगितला तेव्हा तिचा हात काडी टोचता टोचता थांबला.

"एवढ्या न्हाई व्हायच्या, बुवा," ती म्हणाली.

बायका कमी पडतात का, असे त्याने विचारले. हात पुष्कळ आहेत, ती म्हणाली, पण झाडे एवढी पाने देत नाहीत. वाडीची पद्धत अशी होती की पळसाच्या तीन पानांतले मधले मोठे पान तेवढे खुडायचे आणि बाजूची दोन झाडाला ठेवायची. फांदीला कुणी हत्यार लावायचे नाही. शिष्याला वाटले, ही जुन्या माणसांची सबब आहे. काम वाढवायचे नसले की माणसे झाडाचे नाव पुढे करतात.

मग तो तालुक्याच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी मोठा गोड बोलणारा. "महाराजांचं काम म्हणजे माझ्या घरचं काम," तो म्हणाला. "तुम्ही फक्त किती हव्यात ते सांगा. पानं, काड्या, सगळं माझ्याकडे लागलं." आणि खरोखरच भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पोभर पत्रावळी मठाच्या दारात उतरल्या. पाने कुठून आणली, हे शिष्याने विचारले नाही. विचारावे असे त्याच्या मनातही आले नाही.

त्या वर्षी महाराज पत्रावळीवर बसले तेव्हा त्यांनी विचारले होते, "पानं कुठली रे?"

"पळसाची, महाराज."

"ते मला दिसतंय," असे म्हणून महाराजांनी पहिला घास घेतला. शिष्य दुसऱ्या पंगतीकडे धावला आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

पुढच्या वर्षी भंडारा आणखी वाढला. पाने पुरलेल्या खड्ड्यातले काळेभोर खत मठाच्या केळींना घातले तर केळींनी घडावर घड धरले. आलेल्या पाहुण्यांना शिष्य मोठ्या समाधानाने ती केळबाग दाखवी आणि म्हणे, "आमच्या भंडाऱ्यामागे कचरा उरत नाही. सगळं मातीतून येतं आणि मातीत जातं." पाहुणे माना डोलावत. दुसऱ्या दोन मठांनी ही पद्धत उचलली आणि व्यापाऱ्याने दुसरा टेम्पो घेतला.

यंदाच्या भंडाऱ्याला थोडे दिवस उरले असता महाराजांनी शिष्याला बोलावले आणि सांगितले की पहिली पंगत या वेळी अंगणात बसणार नाही. मठातली माणसे, वाडीची माणसे आणि पत्रावळीवाला व्यापारी, एवढ्यांची पहिली पंगत पळसाच्या माळावर बसवायची. बाकीच्या पंगती नेहमीप्रमाणे इथेच.

शिष्य गोंधळला. वैशाखाचे ऊन, वर पाणी आणि भांडी माळापर्यंत वाहून न्यायची. तिथे मांडव घालू का, असे त्याने विचारले.

"मांडव नको," महाराज म्हणाले. "माझे गुरू होते तेव्हा पहिली पंगत तिथंच बसायची. पळसाच्या सावलीत."

अंगणातल्या पंगतींची आखणी, आचारी, सरपण, पाणी यांत शिष्याचे दिवस गेले. माळावर झाडलोट करायला त्याने दोघांना पाठवले. ते परत आले तेव्हा त्यांच्यातला एक काहीतरी सांगू पाहत होता. सावलीचे काहीतरी. "महाराजांनी ठरवलंय, आपण कोण बोलणार?" असे म्हणून शिष्याने त्याला गप्प केले आणि पुन्हा बुंदीच्या कढईकडे वळला.

भंडाऱ्याच्या दिवशी दुपार व्हायच्या बेताला तो महाराजांना हाताला धरून माळावर घेऊन गेला. वाडीच्या शेवटच्या घराला वळसा घातला आणि त्याची पावले थबकली.

लहानपणी त्याने हा माळ पाहिला होता. वैशाखात पळसाला नवी पालवी फुटून हिरवे छत तयार व्हायचे. त्याखाली गुरे रवंथ करत बसायची. आता समोर उघडी जमीन होती. माळभर मांडीएवढी जाड खोडे उभी होती, फांद्या बुंध्यापासून तोडलेली. काही खोडांतून फुटवे निघाले होते, पण शेळ्यांनी ते जागच्या जागी कुरतडले होते. झाडलोट मात्र स्वच्छ झाली होती. पाने गळायला झाडांवर पाने नव्हतीच.

पंगत मांडली गेली. माणसे डोक्यावर उपरणे, पदर घेऊन बसली. पत्रावळी मांडल्या, आणि तेवढ्यात माळावरून वाऱ्याची एक झुळूक आली. पहिली पत्रावळ उडाली, मग दुसरी, मग रांगच्या रांग पाखरांसारखी उठली. वाढपी त्यांच्यामागे धावू लागले. कुणी हसले, कुणी हाताने पत्रावळ दाबून धरली. शेवटी एकेका पत्रावळीवर एकेक दगड ठेवला तेव्हा कुठे पंगत स्थिर झाली.

व्यापारी घाम पुसत हसून म्हणाला, "महाराज, जागा जरा उघडी पडली."

"हो," महाराज म्हणाले. "पूर्वी नव्हती."

व्यापाऱ्याने मग मान खाली घातली आणि आपल्या पत्रावळीवरचा दगड उगाच सरळ करत बसला.

एवढ्यात ठमाबाई आली. तिच्या हातात घरचे ताट होते. पदराने ते पुसून तिने समोर ठेवले आणि खाली बसली. वाडीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शिष्य पत्रावळ घेऊन तिच्यापुढे गेला तर तिने हाताने नको म्हटले.

"ऱ्हाऊ द्या बुवा. ही उडून जाईल, मग तुमीच पळाल तिच्या मागं," ती म्हणाली. "आमच्या पत्रावळीला कधी दगुड लागला न्हाई. झाडीत वारं शिरत नव्हतं."

शिष्य तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने हळूच विचारले, "कोणी तोडलं हे?"

"तुमच्याच भंडाऱ्याला तोडलं की." तिच्या आवाजात राग नव्हता. "टेम्पो आला. कोयते घेऊन माणसं आली. झाडावर चढून पान पान कोण खुडत बसतंय? फांद्याच उतरवल्या. आमी आडवं गेलो, तर म्हणाले मठाचं काम हाय. मठाचं काम म्हटल्यावर आमी काय बोलणार?"

शिष्याच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली.

दिवाळीनंतर वाडीतल्या बायका वीटभट्टीवर जायच्या आहेत, हेही तिने सांगितले. पाने नाहीत, तर इथे बसून करायचे काय? मुकादम येऊन बोलणी करून गेला होता. घरे बंद करून, पोरेबाळे घेऊनच जावे लागणार होते.

पंगत जेवली आणि उठली. व्यापारी महाराजांच्या पाया पडून कुणाशी न बोलता निघून गेला. शिष्य एका खोडाजवळ उभा होता. तोडलेल्या जागी डिंक लाल होऊन वाळला होता. महाराज काठी टेकत त्याच्याजवळ आले.

शिष्य म्हणाला, "मला माहीत नव्हतं, महाराज."

"मलाही नव्हतं. चैत्रात ठमाबाई मठात आली, वीटभट्टीचं सांगायला, तेव्हा मी इथं येऊन पाहिलं. त्याआधी मीही त्याच पानांवर जेवलो आणि एकदा प्रश्न विचारून गप्प बसलो."

"पण मी तर थर्माकोल नको म्हणून हे केलं. पान कुजतं. खत होतं. ते सगळं खोटं होतं का?"

महाराज खोडावर टेकले. मग ते म्हणाले, "खोटं नव्हतं. अर्धं होतं. जेवणानंतर पान कुठं जातं, एवढं तू पाहिलंस. ते मातीत गेलं, बरं झालं. पण मातीतून पुन्हा फांदीवर येण्याची वाटही असते, आणि ती फार लांब आहे. तिला लागायचा तेवढा काळ लागतो. आपला भंडारा मोठा झाला म्हणून झाड घाई करत नाही. वस्तू कुजली की ती निसर्गाला धरून आहे, असं आपण समजतो. कुजायला, बाळ, तोडलेलं झाडही कुजतं. झाड पुन्हा जितकं देऊ शकतं तितकंच आपल्या वाट्याचं. त्याच्या पुढचं पान हे पुढच्या वर्षी जेवायला येणाऱ्याच्या समोरून उचललेलं असतं. ठमाबाई तुला तेच सांगत होती. ती नाही म्हणाली, तिथंच तुझी पंगत पुरी झाली होती."

शिष्याने महाराजांच्या कमरेच्या जुडग्याकडे पाहिले. मग म्हणाला, "कोठीच्या किल्ल्या मला देऊ नका."

महाराजांनी कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या हातात ठेवला.

"सकाळी दिल्या असत्या, तर तू त्या किल्ल्यांनी फक्त कोठीच उघडली असतीस," ते म्हणाले. "आता घे."

त्या पावसाळ्यात शिष्याने एकेका खोडाभोवती बोरीबाभळीचे काटे लावले, शेळ्यांचे तोंड पोचू नये म्हणून. ते काटे राखायचे काम वाडीच्या बायकांना मठाने दिले, कोठीतल्या धान्यावर. दिवाळीनंतर मुकादम आला तेव्हा काही घरे तरीही गेली. सगळी थांबली नाहीत. ठमाबाई थांबली. पुढच्या वैशाखात भंडाऱ्याला सगळे आपापले ताट घेऊन आले. पत्रावळ एकालाही मिळाली नाही. ताटे राखेने घासली आणि पाणी केळींना गेले. पोचे पडलेल्या ताटातही बुंदी तेवढीच गोड लागते, हे शिष्याने त्या दिवशी स्वतःच्या जुन्या ताटात जेवून पाहिले.

आणखी काही वैशाख गेले. महाराज आता उठत नसत. एका सकाळी व्यापारी पुन्हा मठात आला. या वेळी तो ओशाळलेला होता आणि लांबूनच बोलत होता. दुसऱ्या मठांना लागणाऱ्या पत्रावळी आता मिळेनाशा झाल्या आहेत, असे त्याने सांगितले. त्यांचेही माळ संपले होते. मग त्याने विचारले की यंदा तुमच्याकडे पाहुणे किती बोलवायचे ठरले आहे.

शिष्याने किल्ल्या कमरेला खोचल्या आणि पायांत वहाणा घातल्या.

"अजून ठरवलं नाही," तो म्हणाला. "चला, आधी माळावर जाऊन येऊ."

माळावर पळसाला कोवळी पालवी फुटली होती. ठमाबाई एका झाडाखाली उभी होती, आणि झाडाची सावली तिच्यापुरती झाली होती.