गोंदाजीचा तेरावा

फार फार वर्षांपूर्वी दोन डोंगरांच्या बेचक्यात एक लहानसं गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. कुणी वारलं, की तेराव्याला सगळं गाव पारावर जमायचं. जेवणाआधी एकेक जण उठायचा आणि गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगायचा. आठवण खरी हवी, एवढाच नियम. मग गाव त्या माणसाला निरोप द्यायचं आणि पानावर बसायचं.

एके वर्षी त्या गावातला गोंदाजी वारला.

गोंदाजीचं नाव काढलं तरी लोकांच्या कपाळाला आठी पडायची. गावाबाहेर एक झरा होता, त्याचंच पाणी सगळे प्यायचे. गोंदाजी हातात काठी घेऊन दिवसभर तिथे बसायचा. कुणी धुणं आणलं, की शिवी. कुणाचं जनावर पाण्यात उतरलं, की काठी. शेजारच्या हरबाच्या बैलाला त्यानं एकदा असं हाणलं, की बिचारा कितीतरी दिवस लंगडत होता. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

तेराव्याला लोक आले, पण रीत म्हणून आले. गोंदाजीची बायको कोंडाबाई पाराच्या कडेला खाली मान घालून बसली होती. मूलबाळ उरलं नव्हतं. कार्य आटोपलं की भावाच्या गावी निघून जायचं, असं तिनं ठरवलं होतं. ज्या गावात नवऱ्यासाठी कुणी डोळे पुसले नाहीत, तिथे राहायचं तरी कुणासाठी?

"बोला मंडळी," पाटील म्हणाले.

कुणी उठलं नाही. जो तो दुसऱ्याकडे पाहत होता.

"नसेल काही सांगायचं तर पानं मांडा," पाटील म्हणाले.

गावातली सगळ्यांत वयस्कर बाई सारजाक्का म्हणाली, "थांबा पाटील. या पारावरून आजवर कुणी निरोपावाचून गेलेलं नाही."

"आक्का, खोटं बोलायचं नाही, आणि खरं बोलावं असं काही नाही. मग करायचं काय?"

कोंडाबाईनं मान वर केली. "कुणाला बळं बोलायला लावू नका. त्यांचं तोंड कसं होतं, ते मला ठाऊक आहे. मी संसार केलाय त्यांच्याशी." एवढं बोलून ती जायला उठली.

"वहिनी, बसा," मागून आवाज आला. हरबा उभा राहिला होता. लोक चकित झाले. आता हा उणंदुणं काढणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"महामारीच्या साली माझी आई गेली," हरबा म्हणाला. "भीतीनं कुणी दाराशी आलं नाही. भावकीनंसुद्धा कवाडं लावून घेतली. मी आईपाशी एकटा बसलो होतो. तेवढ्यात गोंदाजी आला. आल्या आल्या मला शिवी दिली. म्हणाला, 'रडत काय बसलास? धर मागून.' त्यानं तिरडी बांधली, पुढून खांदा दिला, सरण रचलं. परतताना म्हणाला, 'कुठं बोलू नकोस. गावाला कळलं तर मला पाण्याला शिवू देणार नाहीत. मग उद्याच्या मढ्याला खांदा कोण देईल?' मी शब्द दिला. पुढं बैलावरून आमचं बिनसलं आणि मी ते विसरलो. नाही, विसरलो नाही. आठवायचंच टाळलं."

मग एक कुंभारीण हळूच उठली. "माझं तान्हं त्यांनीच हातांवर नेलं," ती म्हणाली. "मलाही हेच म्हणाले होते. कुठं बोलू नकोस."

"माझ्या बापाला," एक म्हातारा म्हणाला.

"माझ्या भावजयीला," दुसरा म्हणाला.

शेवटी पाटील स्वतः उठले. डोक्यावरची पगडी काढून त्यांनी हातात घेतली. "माझ्या थोरल्या भावाला," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. त्या साली ज्या ज्या घरातून माणूस गेलं होतं, त्या प्रत्येक घराला वाटत होतं, की गोंदाजी फक्त आपल्याच दारी आला होता.

कोंडाबाई ऐकतच राहिली. मग म्हणाली, "मला यातलं काही माहीत नव्हतं. पहाटे बाहेरून यायचे, परसात अंघोळ करायचे. विचारलं तर वसकन अंगावर यायचे. त्याच साथीच्या शेवटाला आमची धाकटी गेली. झऱ्याचं घाण पाणी पिऊन गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं. तेव्हापासून तिथे काठी घेऊन बसायला लागले. घरी म्हणायचे, 'कुणाचं लेकरू आता नको जायला.' बाहेर मात्र नुसत्या शिव्याच द्यायचे. माझ्याजवळ त्यांचं सांगण्यासारखं एवढंच होतं."

त्या दिवशी जेवणं फार उशिरा झाली. अन्न गार झालं होतं, पण कुणी तक्रार केली नाही. जेवणं आटोपल्यावर सारजाक्कानं कोंडाबाईचा हात धरला आणि तिला आपल्या घरी नेलं. "भावाच्या गावी तुझ्या नवऱ्याला कोण ओळखतंय?" ती म्हणाली. "इथे आता सगळं गाव ओळखतं." कोंडाबाई राहिली, आणि पुढे गावानं तिला काही कमी पडू दिलं नाही.

हरबाच्या जिवाला मात्र चैन पडली नाही. दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत तेवढी होती. इतकी वर्षं पलीकडे गोंदाजीचं खोकणं ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. आता हाक मारली, तरी ओ द्यायला पलीकडे कुणी नव्हतं.

म्हणून बाळांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: माणसाचा दोष सगळ्या गावाला ठाऊक असतो, पण त्याचं चांगुलपण घरोघर विखुरलेलं असतं, ते सगळ्यांनी मिळून वेचल्याशिवाय कुणाचं आयुष्य पुरतं कळत नाही.