साळुंकीची निर्गुडी

ओढ्याकाठच्या रानात, जुन्या आंब्याच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. तिला तीन पिल्ले होती आणि त्यांच्यावर तिचा भारी जीव. मुलांनो, अशा ढोलीत रक्त पिणारे बारीक किडे फार होतात. म्हणून रोज सकाळी ती निर्गुडीची, रानतुळशीची, नाहीतर ईडलिंबाची हिरवी पाने चोचीतून आणी आणि पिल्लांखाली अंथरी. त्या उग्र वासापुढे किडे फिरकत नसत. पिल्ले कशी गुबगुबीत झाली!

जाता-येता पाखरे थांबत आणि म्हणत, "साळुंकीबाई, घरटं असावं तर असं!" साळुंकी मान फुगवून ऐकत बसे. ऐकता ऐकता पाने आणायला उशीर होऊ लागला, मग एक दिवस चुकला, मग चुकतच गेला. "एवढा वास मुरलाय, आता कशाला रोज ती दगदग?" असे ती म्हणे. पानातले औषध असते ते त्याच्या वासात. पान वाळले की वास उडून जातो आणि उरतो तो नुसता पाचोळा. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण सदा त्या वासात बसून तिच्या नाकाला तो असल्याचा पत्ता लागत नव्हता, आणि गेल्याचाही लागला नाही.

शेजारची खार बिचकत म्हणाली, "ताई, रागावू नका, पण ढोलीला आता वास येत नाही हो. पिल्लंही सारखी अंग खाजवतायत."

"माझ्या ढोलीला वास नाही?" साळुंकी फणकारली. "आधी स्वतःचं नाक बघ जा! पिल्लं आहेत, वळवळायचीच."

खार निघून गेली. पुढे पिल्लांची वळवळ कमी होत गेली. साळुंकीला वाटले, शहाणी झाली.

एका सकाळी ती अळी घेऊन आली, तर एकही चोच उघडली नाही. खालचा पाचोळा किड्यांनी बुजबुजला होता. वेड्यासारखी ती ओढ्याकडे उडाली, निर्गुडीचे शेंडेच्या शेंडे तोडून तिने पिल्लांवर रचले, पुन्हा गेली, पुन्हा आणले. पण पिल्ले केव्हाच गार पडली होती.

तेवढ्यात एक पोपट फांदीवर टेकला. "वा साळुंकीबाई, काय घमघमाट सुटलाय!" तो म्हणाला. "पिल्लं अगदी मजेत असतील."

साळुंकी आणखी एक शेंडा आणायला ओढ्याकडे उडाली.

तात्पर्य : काल घेतलेली काळजी आज पुरत नाही. आणि आपल्याला न जाणवणारे उणे कोणी दाखवले, तर त्याच्यावर डाफरू नये.