मिचीच्या घरचा दोन चाकांचा मीटर

ऐका हं. हळूच ऐका, गोष्ट एवढीशीच आहे.

एक होती चिचुंद्री. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे बरं का! चिचुंद्रीचं नाक लांब. डोळे बारीक. तिला फारसं दिसत नाही, म्हणून ती भिंतीला धरून चालते. या चिचुंद्रीचं नाव मिची.

मिचीला एक आई होती. आणि एक भाऊ होता, गोळू. गोळू परवाच जन्मला होता. लाल लाल, शेंगदाण्याएवढा. अंगावर एक केस नाही.

गोळू यायच्या आधी आईच्या पोटाशी मिची झोपायची. आता तिथे गोळू झोपायचा. आईचं पोट एवढंसं. तिथे एकच मावतं. मिचीला वाईट वाटायचं. ती कुणाला सांगत नसे, पण वाटायचं.

आज तिघं नव्या घरी आली. नवी सोसायटी, नवी पायरी, पायरीखाली घर. घरात एक बल्ब. बल्बचा एक मीटर. घर दाखवायला पाल आली होती. पाल म्हणाली, "चिचुंद्रीबाई, इथे रात्रीची वीज अगदी स्वस्त! खुशाल रात्रभर बल्ब लावा." स्वस्त म्हटल्यावर आई लगेच हो म्हणाली.

आई म्हणाली, "रात्री गोळूला बल्बखाली ठेवू. त्याला ऊब मिळेल. मग मिची, तू माझ्या पोटाशी ये हं."

मिची दिवसभर रात्रीची वाट बघत बसली.

दिवस मावळला. आणि फट्! लाइट गेली.

काळोख झाला. थंडीचे दिवस. जमीन गार, भिंत गार. गोळू रडायला लागला. "चूं! चूं! चूं!" आईनं त्याला पोटाशी घेतलं.

"मी उठले तर हा गारठेल," आई म्हणाली. "मिची, तूच बघ गं बाई."

मिची निघाली. भिंतीच्या कडेकडेनं. तुरु तुरु, तुरु तुरु. आली बल्बपाशी.

"बल्बदादा, बल्बदादा, लाग ना!
गोळू गारठला,
आई उठेना."

बल्ब म्हणाला, "मी नाही लागत. मीटरकडे जा. मीटर फिरला, तर मी लागतो."

मिची निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. आली मीटरपाशी. मीटर होता जाडजूड. त्याच्या पोटात दोन चाकं. एक पिवळं, एक काळं. दोन्ही गप्प.

"मीटरकाका, मीटरकाका, फिर ना!
गोळू गारठला,
आई उठेना,
बल्ब लागेना."

मीटर म्हणाला, "मी नाही फिरत. पिवळं चाक दिवसाचं. दिवस संपला, पिवळं चाक थांबलं. काळं चाक रात्रीच्या स्वस्त विजेचं. रात्र झाली की काळं चाक फिरेल."

"पण काका, रात्र झाली! बाहेर काळोख आहे!"

"मला कुठे डोळे आहेत?" मीटर म्हणाला. "मला नुसते कान. रातकिडा किरकिरला की मी समजतो, रात्र झाली. रातकिड्याकडे जा. रातकिडा किरकिरला, तर मी फिरतो. नियम म्हणजे नियम."

असा हा मीटर! सगळ्या जगाला रात्र दिसते, आणि याला ती ऐकू यावी लागते. पण करता काय? आतून गोळूचा आवाज आला. "चूं! चूं!"

मिची निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. रातकिडा बसला होता एका पाइपात. पाय पोटाशी घेऊन, मिशा खाली सोडून.

"रातकिडेदादा, रातकिडेदादा, किरकिर ना!
गोळू गारठला,
आई उठेना,
बल्ब लागेना,
मीटर फिरेना."

रातकिडा म्हणाला, "मी नाही किरकिरत. गवत डुलतं, तेव्हा मी ताल धरतो. इथे गवत डुलतच नाही. एकट्यानं किरकिरायला मला रडू येतं. गवताकडे जा. गवत डुललं, तर मी किरकिरतो."

मिची निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गवत शोधायचं कुठे? इकडे फरशी, तिकडे फरशी. सगळीकडे नुसती फरशी. माणसांना माती नको असते. पाय मळतात म्हणे!

मिचीनं नाक लावलं. सूं सूं, सूं सूं. दोन फरश्यांच्या फटीत गवताचं एक पातं सापडलं. फक्त टोक बाहेर. बाकी सगळं आत चेपलेलं.

"गवतराजा, गवतराजा, डुल ना!
गोळू गारठला,
आई उठेना,
बल्ब लागेना,
मीटर फिरेना,
रातकिडा किरकिरेना."

गवत म्हणालं, "मी नाही डुलत. माझी मान अडकलीय. खाली माती घट्ट, मला वर ढकलायला तिला जागाच नाही. मातीकडे जा. माती सुटली, तर मी डुलतो."

मागून आवाज आला. "चूं!" एकदाच.

मिची कुठेच गेली नाही. माती तर खालीच होती. मिची पोटावर पडली. फटीला तोंड लावलं.

"मातीमाय, मातीमाय, सुट ना!
गोळू गारठला,
आई उठेना,
बल्ब लागेना,
मीटर फिरेना,
रातकिडा किरकिरेना,
गवत डुलेना."

खालून आवाज आला. अगदी बारीक आवाज, विहिरीतून यावा तसा.

"कोण गं? चिचुंद्री का? मी नाही सुटत बाळ. माझ्या छातीवर फरशी बसलीय. मला श्वास घेता येत नाही. फरशीला सांग. फरशी हलली, तर मी सुटते."

मिचीला मातीची फार दया आली. ती फरशीवर चढली. फरशी गार गार. पाय बधिर झाले. तरी ती म्हणाली,

"फरशीबाई, फरशीबाई, हल ना!
गोळू गारठला,
आई उठेना,
बल्ब लागेना,
मीटर फिरेना,
रातकिडा किरकिरेना,
गवत डुलेना,
माती सुटेना."

फरशी म्हणाली, "मी नाही हलत. मला काय पाय आहेत? मला इथे बसवलं, मी बसले. घुशीकडे जा. घूस उकरेल, तर मी हलते."

मिची निघाली. आता ती दमली होती. तुरु... तुरु... तुरु... भिंत संपली. पुढे धरायला काहीच नव्हतं. मिचीला भीती वाटली. पण ती गेली.

कचऱ्याच्या डब्यामागे घूस बसली होती. केवढी मोठी! मिचीसारख्या वीस मिच्या मावतील एवढी. घूस रडत होती. हुं हुं, हुं हुं.

"घूसमावशी, घूसमावशी, उकर ना!
गोळू गारठला,
आई उठेना,
बल्ब लागेना,
मीटर फिरेना,
रातकिडा किरकिरेना,
गवत डुलेना,
माती सुटेना,
फरशी हलेना."

घूस म्हणाली, "मी नाही उकरत."

मिची थांबली. आता घूस सांगेल, अमक्याकडे जा, तमक्याकडे जा. पण घूस नुसती नाक ओढत राहिली.

"मावशी, मी कुणाकडे जाऊ?"

"कुणाकडेच जाऊ नको," घूस म्हणाली. "माझं बीळ होतं इथे. दोन दारांचं. मी दाणे आणायला गेले. परत आले, तर सगळीकडे फरशी! माझं घर खालीच राहिलं. आता मी कुणासाठी उकरू? मला कुणी नाही, मला घर नाही."

आणि घूस पुन्हा रडायला लागली. हुं हुं, हुं हुं.

मिचीनं कान देऊन ऐकलं. घराकडून आवाज येत नव्हता. चूं नाही. काहीच नाही. तिलाही रडू आलं. मग एक मोठी आणि एक छोटी, दोघी डब्यामागे बसून रडल्या.

रडता रडता मिची घुशीला टेकली. घूस गरम होती. घर नसलेली घूस, पण गरम होती.

मिची म्हणाली, "मावशी, तू आमच्याकडे ये ना राहायला."

घुशीचं रडणं थांबलं. "तुमच्याकडे? मी?"

"हो. लाइट नाहीये. पण ये."

"मी मावेन का गं तुमच्या घरात?"

मिचीनं घुशीला हुंगून हुंगून मापलं. नाकापासून शेपटीपर्यंत. बराच वेळ लागला. मिची खोटं बोलत नसे. ती म्हणाली, "नाही मावणार."

"मग?"

"मग उकर ना, मावशी! घर मोठं कर!"

घुशीनं नाक पुसलं. पंजे झटकले.

"कुठे आहे गं तुमचं घर?"

"पायरीखाली."

"चल," घूस म्हणाली. "मला घट्ट धर."

मिचीनं घुशीची शेपटी तोंडात धरली. धप धप, तुरु तुरु. धप धप, तुरु तुरु. दोघी आल्या पायरीपाशी.

घूस पायरीपासून गवताच्या फरशीपर्यंत उकरायला लागली. खर्र खर्र! खर्र खर्र!

घुशीनं उकरलं, तशी फरशी हलली. खडाप!

फरशी हलली, तशी माती सुटली. भुस्स! मातीनं केवढा मोठा श्वास घेतला!

माती सुटली, तसं गवत डुललं. सळसळ, सळसळ!

गवत डुललं, तसा रातकिडा पाइपातून बाहेर आला. त्यानं मिशा उचलल्या. ताल धरला. किर्र किर्र! किर्र किर्र!

रातकिडा किरकिरला, तसा मीटर दचकला. "अरे! रात्र झाली वाटतं!" आणि काळं चाक फिरलं. गरगर, गरगर!

मीटर फिरला, तसा बल्ब लागला. लख्ख!

मिची आत धावली. गोळू हलत नव्हता. आई नुसती त्याला चाटत होती. मिची म्हणाली, "आई, बल्ब! आई, बल्ब लागला!"

आईनं गोळूला बल्बखाली ठेवलं. सगळे बघत राहिले. आई बघत होती. मिची बघत होती. घुशीचं डोकं तेवढंच दारात मावलं, तीही बघत होती. बाहेर रातकिडा थांबला नाही. किर्र किर्र. काळं चाक थांबलं नाही. गरगर.

गोळूचं नाक हललं.

मग एक पाय हलला.

मग गोळू केवढ्यानं ओरडला! "चूं! चूं! चूं! चूं!"

"बाई गं, काय हा आवाज!" घूस म्हणाली, आणि हसली.

गोळूला ऊब मिळाली. गोळू झोपला. घूसही स्वतः उकरलेल्या जागेत मुटकुळं करून झोपली. आईचं पोट मोकळं झालं. आईनं मिचीचे पाय हातात घेतले. बर्फासारखे गार होते.

आई म्हणाली, "ये गं मिची. ये माझी बाय."

मिची आईच्या पोटाशी शिरली. जागा एवढीशीच होती. पण ती सगळी मिचीची होती.

गोष्ट गेली बिळात, बीळ झालं गरम. तुम्ही शिरा पांघरुणात, पांघरूण आहे नरम.