फुकट मागितलेली पाणथळ

सोनगिरी संस्थानात नदी आणि शहर यांच्या मधोमध लव्हाळ्यांनी भरलेली एक पाणथळ जागा होती. सरदार मकाजीरावांनी ती भर दरबारात मागितली.

"महाराज, तिथे पीक येत नाही. अशी निकामी जागा मला बक्षीस द्या. भराव घालून महाल बांधतो."

मकाजीरावांना दुखवायची राजाची छाती नव्हती. त्याने थोरल्या बहिणीकडे, चिमाआक्कांकडे पाहिलं.

"जरूर द्या," आक्का म्हणाल्या. सरदारांनी मिशीवर ताव दिला. "फक्त ती जागा जे काम करते, ते यापुढे सरदारांनी करावं."

"जागा काम करते?" राजाचं कुतूहल जागं झालं. "कसलं?"

"पावसाळ्यात नदीचा पूर पोटात घेते, म्हणून शहर बुडत नाही. मग उन्हाळाभर तेच पाणी झिरपवून आपल्या विहिरी जिवंत ठेवते." आक्का सरदारांकडे वळल्या. "निकामी जागेचं काम तुम्हाला काय जड? यंदाचा पूर कुठे ठेवणार, तेवढं सांगा."

सारा दरबार उत्तरासाठी कान टवकारून बसला. मकाजीराव घसा खाकरून म्हणाले,

"महाराज, मला टेकडीवरची जागाही चालेल."